आठ दिवस टकाटक बंद

"आरशात बघ की लेका जरा!" संपतनं माझी हनुवटी धरून तोंड आरशाकडं वळवलं. "गालात लिंबू ठेवल्यागत दिसतंय. आणि म्हणे टकाटक!"

पंधरा वर्षांपूर्वीचा रविवार, सकाळचे नऊ, संपत काशीदचं सलून. झालं होतं इतकंच, की शिरगुप्पे काकांनी दारातून आत येता येता विचारलं, "काय सुकुमार, कसं काय?" आणि मी चुटकी वाजवून सांगितलं, "टकाटक!" दाढ दोन दिवस ठणकत होती आणि चहाचा घोट घेतला की डोळ्यांत पाणी येत होतं, ते वेगळं.

शिरगुप्पे काका बँकेतनं रिटायर झालेले. त्यांचा छंद म्हणजे अर्ज. खांबावरचा दिवा गेला, अर्ज. कुत्री वाढली, अर्ज. त्यांच्या स्कूटरच्या सीटखाली मी एकदा मांजराचा आवाज काढणारं खेळणं बसवलं होतं, तेव्हा त्यांनी माझ्याविरुद्धचा अर्ज थेट माझ्या बायकोकडं दिला होता. योग्य कार्यालयात गेला तो. लगेच कारवाई झाली.

"बारा वर्षं मी या कॉलनीत राहतो," काका बाकावर बसत म्हणाले. "बारा वर्षांत या माणसाच्या तोंडून दुसरं उत्तर ऐकलेलं नाही. याचे वडील गेले. तिसऱ्या दिवशी मी भेटायला गेलो, खांद्यावर हात ठेवला, म्हटलं, काय सुकुमार. तर हा म्हणतो टकाटक."

"तोंडातून निसटलं होतं ते, काका."

"तुझ्या तोंडातून दुसरं काही निसटतच नाही. आठ दिवस खरं उत्तर देऊन दाखव. नाही देऊ शकणार."

बाकावरचे चौघे हसले. मी सगळ्यांत मोठ्यानं हसलो. माझं हे असंच. माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे, चौगुले रिवायंडिंग. जळालेल्या मोटारी, पंखे, मिक्सर उघडायचे आणि नवी तार भरायची. त्यात डोकं कमी लागतं, म्हणून उरलेलं डोकं मी चेष्टेत घालतो. याच संपतचा पंखा दुरुस्तीला आला तेव्हा मी मुद्दाम उलटा फिरवून दिला होता. महिनाभर गिऱ्हाईक खाली घामाघूम आणि वर छत गारेगार.

"लागली पैज," मी म्हटलं.

"अटी मी सांगणार," संपत वस्तरा पुसत म्हणाला. पंख्याचं त्याच्या मनात होतंच. "आजपासून पुढच्या रविवारपर्यंत. कुणीबी कसं काय विचारलं की खरं सांगायचं. टकाटक न्हाई, मजेत न्हाई, झकास न्हाई. चेष्टा तर न्हाईच. हरलास तर ही खुर्ची बाहेर चौकात काढीन, तुझी अर्धी मिशी उतरवीन, आणि तसाच कॉलनीतनं एक फेरा."

मिशीचं नाव काढल्यावर माझा हात आपोआप वर गेला. तेव्हा काय मिशी होती माझी! दोन्ही टोकं वर. सकाळी अंघोळीपेक्षा तिला जास्त वेळ लागायचा.

"आणि काका हरले तर?"

"काका गणपतीच्या मिरवणुकीत लेझीम खेळणार."

काका चालतानासुद्धा हात हलवत नाहीत. सगळे एवढे खूश झाले की विचारू नका. काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मान्य. पण साक्षीदार लागेल. याच्या शब्दावर काही ठरवायचं नाही. हा जिंकलो म्हणाला तरी खोटं, हरलो म्हणाला तरी खोटं. ज्यानं ऐकलं असेल त्यानं रविवारी इथं उभं राहून सांगायचं. कुठं ऐकलं, कधी ऐकलं."

ठरलं. मग काकांनी पिशवीतनं एक कागद काढला. "आता कामाचं. यावर सह्या करा."

अर्ज होता भूपाल मगदूमविरुद्ध. भूपालदादा आमच्याच कॉलनीत शेवटच्या घरात राहायचे, आणि आमच्या भागाचे चावीवाले होते. म्हणजे लांब लोखंडी चावी घेऊन सायकलवरून फिरायचं, रस्त्यातल्या खड्ड्यातला व्हॉल्व्ह फिरवायचा आणि एकेका कॉलनीचं पाणी सोडायचं. वीस वर्षं त्यांच्या चावीवर आम्ही घड्याळं लावली. पण गेल्या महिन्या-दीड महिन्यात काहीतरी बिघडलं होतं. दोनदा आमचं पाणी सोडायचंच राहिलं. एकदा समोरच्या कॉलनीचं सोडलं आणि बंदच केलं नाही. तिकडं गटारं नदीसारखी वाहिली आणि इकडं आम्ही कोरडे.

"सदर कर्मचारी दारूच्या नशेत असतो," काकांनी वाचून दाखवलं. "डोळे बघितलेत त्याचे? लालभडक. उद्या सोमवारीच पाठवतो. निलंबित झालाच पाहिजे."

"येत्या रविवारी पाठवा," संपत म्हणाला, "अजून चाळीस सह्या मिळतील."

पहिली सही मी केली. नुसती केली नाही, सहीच्या शेवटी पाण्याचा एक थेंब काढला आणि त्याच्यावर फुली मारली. बाकावर परत हशा. मी पण हसलो. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढं मी फार भला माणूस असल्यासारखं वाटायची शक्यता आहे.

रविवारचा उरलेला दिवस मजेत गेला. दूधवाल्यानं विचारलं, कसं काय. मी सांगितलं, दाढ ठणकतेय आणि दोन दिवस पोट साफ नाही. त्यानं माप न बघताच दूध ओतलं आणि पळाला. एका गिऱ्हाइकानं फोनवर सहज विचारलं, बरंय ना? मी म्हटलं, नाही, तुमचा मिक्सर बघितला की मला उदास वाटतं. ते खरंच वाटत होतं. त्यानं फोन ठेवला. मला वाटलं, हे तर सोपं आहे. खरं बोललं की लोक आपोआप लांब पळतात.

संध्याकाळी घरी पोचलो तर बायको, पद्मा, दारात. "दुकान साडेसहाला बंद होतं. घर चार मिनिटांवर. तुम्ही आठला येता."

"काम होतं."

"रविवारी? रोजच काम असतं?"

"हे बघ," मी म्हटलं, "पैजेच्या अटी नीट ऐक. कुणी कसं काय विचारलं तरच खरं सांगायचं. उशीर का, हा प्रश्न अटीत बसत नाही."

तिनं माझ्याकडं क्षणभर बघितलं. मला वाटलं, आता विचारणार. नाही विचारलं. ताट वाढलं.

सोमवारी सकाळी साडेसहाला मी दुकानाच्या पायरीवर गाल धरून बसलो होतो. माझ्या दुकानासमोरच एक व्हॉल्व्ह आहे. भूपालदादा सायकलवरून आले, चावी खांद्यावरून उतरवली, आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "काय सुकुमार, बरं हाय न्हवं?"

तोंडात टकाटक आलंच होतं. गिळलं. "नाही दादा. रात्रभर झोप नाही."

चावी खड्ड्यात घालता घालता ते थांबले. "तुला पण?"

दाढेमुळं, असं मी सांगणार होतो. त्याच्या पाठोपाठ त्यांच्या डोळ्यांवर एक जोक जिभेवर तयार होता, चांगला होता. पण पैज होती, चेष्टा बंद. आणि जोक बंद केला की माझ्याकडं बोलायला दुसरं काही नसतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. म्हणून मी गप्प बसलो. नाइलाजानं. आयुष्यात मी कुणाचं ऐकून घेतलं असेल तर ते असं, अटीत अडकून.

भूपालदादा येऊन पायरीवर बसले. चावी मांडीवर आडवी.

"दीड महिना झाला," ते म्हणाले. "दोन वाजता डोळा उघडतोय. मग उजाडंपर्यंत छपराचं पत्रं मोजत पडायचं. काय झालंय म्हणशील, तर काय बी झालेलं न्हाई. घरात समदं ठीक. तीच तर भानगड. प्रेशर गेल्यागत झालंय बघ. चावी पुरती फिरवली तरी धारच न्हाई."

"वहिनींना सांगितलं?"

"काय सांगू? काय झालंय म्हणून सांगू?" ते चावीकडं बघत राहिले. "परवा इथंच बसलो हुतो. व्हॉल्व्ह उघडायला आलो, बसलो, आणि कशाला आलोय तेच ध्यानात न्हाई. तास गेला. लोक म्हणत्यात पिऊन बसलाय."

"दादा, तुम्ही तर थेंबभर घेत नाही."

"म्हणू देत."

मग त्यांनी उठून व्हॉल्व्ह फिरवला, सायकलवर बसले आणि गेले. मी तिथंच. सही आठवली. तो थेंब आठवला. फुली आठवली. दाढ अचानक जोरात ठणकली, बरं वाटलं.

मंगळवारी मी काकांचं दार वाजवलं. "काका, पैजेत एक बदल. मी जिंकलो तर लेझीम नको. तो भूपालदादांचा अर्ज सगळ्यांसमोर फाडायचा."

काकांनी चष्म्यावरून बघितलं. "यात तुझी काय चेष्टा आहे?"

"काही नाही."

"मग कशासाठी?"

दीड महिन्याची गोष्ट माझी नव्हती, ती सांगणं बरं नव्हतं. मी म्हटलं, "पहिली सही माझी आहे. मला ती परत पाहिजे."

 लेझीम चुकतंय हे त्यांना दिसत होतं. "चालेल. तसाही तू आठ दिवस टिकत नाहीस."

बुधवारी सकाळी व्हॉल्व्हपाशी मी भूपालदादांना गाठलं. सांगलीतल्या एका डॉक्टरीण बाईंच्या दवाखान्याची पाण्याची मोटार मी भरून दिली होती, त्यांचं नाव सांगितलं. झोप, मन, असलंच बघतात म्हटलं.

"येड्यांची डॉक्टर?" त्यांचा चेहरा बंद झाला. "न्हाई."

"अर्ज जाणार आहे दादा. दारुडा म्हणून नोकरीवर येईल."

"दारुडा म्हणाले तरी चालंल. दारुडा सुधारतोय म्हणत्यात. येडा म्हटलं की संपलं. पोरीचं बोलणं चालू हाय निपाणीच्या पाहुण्यांत. बापाचं डोकं फिरलंय म्हटल्यावर कोण करंल?"

मी चावीचं दुसरं टोक धरलं आणि त्यांच्याबरोबर व्हॉल्व्ह फिरवू लागलो.  

"तू येशील?" त्यांनीच विचारलं.

"येतो की."

"कुणी बघितलं तर पेशंट तू."

"चालेल. माझ्याकडं बघून लोकांना पटेल पण."

गुरुवारी मोटारसायकलवर दोघं सांगलीला. घरी सांगितलं, तांब्याची तार आणायला चाललोय. दवाखाना चपलांच्या दुकानाच्या वर, पहिल्या मजल्यावर. पाटी मोठी होती. भूपालदादांनी खालूनच रुमाल तोंडाला बांधला. मी हसलो त्यांना. आणि जिना चढून आत जाऊन खुर्चीवर बसल्यावर माझ्या लक्षात आलं, की माझ्या डोक्यावर हेल्मेट अजून तसंच आहे, आणि काच खाली ओढलेली आहे.

काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "पेशंट कोण दोघांतलं?"

आम्ही दोघांनी एकमेकांकडं बोट केलं.

"हेल्मेट तरी काढा काका," ती म्हणाली. "इथं डोक्यावर कुणी काही मारत नाही."

भूपालदादा एकट्यानं आत जाईनात. माझी बाही धरलेली. शेवटी दोघंही आत. डॉक्टरीण बाई पन्नाशीच्या, टेबलावर डबा अर्धा खाल्लेला. त्यांनी दादांना विचारलं, झोप कशी, भूक कशी, काम कसं. दादा एका शब्दात उत्तर देत होते. मग बाईंनी अगदी साध्या आवाजात विचारलं, "कधी असं वाटतं का, की आता नको हे सगळं?"

मला वाटलं, काय विचारतात ह्या! दादा खाली बघत होते.

"टाकीवर चढावं लागतंय मला," ते म्हणाले. "पाण्याची पातळी बघाया. तीन आठवडं झालं, मी चढलेलो न्हाई. जोडीदाराला पाठवतोय. वर गेलं की कठड्यावरनं खाली बघू वाटतंय. म्हणून चढतच न्हाई."

खोलीत पंखा चालू होता. त्याचं बेअरिंग वाजत होतं. मी त्या आवाजाकडं कान दिला, कारण दुसरीकडं कुठं बघावं ते कळत नव्हतं. तीन आठवडे. आणि मी थेंब काढत होतो.

"चढला नाहीत, हे फार शहाणपणाचं केलंत," बाई म्हणाल्या. "आणि मला सांगितलंत, हे त्याहून." मग त्यांनी सगळं समजावलं. हा आजार आहे, नाव आहे त्याला, औषध आहे. गोळ्यांचा गुण दिसायला दोन-तीन आठवडे लागतील, मधे आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत. टाकीवर अजिबात नाही. थोडे दिवस रजा घ्या. घरी आजच्या आज सांगा. एकटं राहू नका, आणि परत तसं वाटलं तर कुठल्याही वेळी फोन करा. दादा एकेका वाक्याला मान हलवत होते. शेवटी म्हणाले, "म्हणजे येड न्हवं?"

"नाही. आजारी आहात. बरे व्हाल."

त्यांनी रुमाल सोडला. तोंड पुसलं. बराच वेळ पुसलं.

मग बाई माझ्याकडं वळल्या. पेन खाली ठेवलं. "आणि तुम्ही? तुम्ही कसे आहात?"

मी चुटकी वाजवली. "टकाटक!"

बाईंनी पेन परत उचललं. 

दूधवाल्याला पोटाचं सांगितलं होतं. गिऱ्हाइकांना खरं सांगितलं, पोस्टमनला सांगितलं, भाजीवालीला दाढेचा कुठला कोपरा दुखतो ते तोंड उघडून दाखवलं. चार दिवस एकदा चुकलो नाही. आणि जिचं कामच विचारायचं आहे, जिनं खरोखर पेन खाली ठेवून विचारलं, तिथं चुटकी!

भूपालदादा माझ्याकडं बघत होते. त्यांच्या ओठाचा कोपरा हलला. दीड महिन्यात पहिल्यांदा, पैजेवर सांगतो. "हरलास," ते म्हणाले.

बाईंना काही कळेना. दादांनीच पैज समजावली. त्या हसल्या नाहीत. काउंटरवरच्या मुलीला हाक मारली आणि म्हणाल्या, "पुढच्या गुरुवारी यांचं पण नाव लिही. अकरा."

"मला काय झालंय?" मी म्हटलं.

"ते गुरुवारी बघू."

जिना उतरताना मी जोक शोधत होतो. सापडेना. दादा माझ्या मागं होते. म्हणाले, "संध्याकाळची चावी मी तुझ्या दुकानासमोर फिरवतोय, सुकुमार. रोज. शटर अर्धं ओढलेलं असतंय. आत दिवा बंद. पंखा चालू. आणि तू स्टुलावर बसलेला. नुसता."

मी किक मारली. गाडी लगेच चालू झाली याचा मला राग आला.

वाटेत एका टपरीवर चहा घेताना मी माझा डाव मांडला. "दादा, आत जे झालं ते तुम्हाला आणि मलाच माहीत. तुम्ही गप्प, मी गप्प. रविवारी मी जिंकलो, काका अर्ज फाडणार. तुमची नोकरी वाचली, पोरीचं बोलणं वाचलं. माझी मिशी वाचली. कुणाचं काय गेलं?"

दादांनी बशीतला चहा संपवला. "बघू," एवढंच म्हणाले.

त्या रात्री त्यांनी राजमती वहिनींना सांगितलं. शुक्रवारी आणि शनिवारी वहिनी सायकलच्या मागं बसून व्हॉल्व्ह फिरवायला सोबत आल्या. लोकांना वाटलं, दारुड्यावर पहारा ठेवलाय. मी दोन्ही दिवस एकदम सांभाळून राहिलो. जो विचारेल त्याला दाढ, पोट, पाठ. गंमत एवढीच, की त्या आठ दिवसांत सगळ्या गावानं मला कसं काय विचारलं. पद्मानं एकदाही नाही.

रविवारी संपतचं सलून भरून बाहेरपर्यंत माणसं. खुर्ची आधीच चौकात काढून ठेवली होती, संपतला एवढी खात्री. शिरगुप्पे काका खिशाला दोन पेनं लावून आलेले.

"कुणी ऐकलं?" संपतनं विचारलं. "कुणाला म्हणाला हा टकाटक?"

एकमेकांकडं बघितलं सगळ्यांनी. कुणी नाही. एक जण म्हणाला, "मला तर यानं मूळव्याधीचं सांगितलं. मी विचारलं पण नव्हतं." हशा झाला.

काकांचा चेहरा उतरला, पण माणूस शब्दाचा. पिशवीतनं अर्ज काढला. चौपन्न सह्या. पहिली माझी, थेंबासकट. दोन्ही हातांनी कागद धरला.

"थांबा काका."

भूपालदादा गर्दीच्या कडेला सायकल धरून उभे होते. साडेदहाचं पाणी सोडायचं होतं, खांद्यावर चावी होती. सायकल स्टँडला लावली. पुढं आले.

मी त्यांना डोळा मारला. मग दोन्ही डोळ्यांनी मारला. मान हलवली. संपत म्हणाला, "ह्याला काय झालं? झटका आला का?"

"हरलाय त्यो," दादा म्हणाले. "मी साक्षीदार."

"कुठं? कधी?" काका.

"गुरुवारी. अकरा वाजता. सांगलीत, मनाच्या डॉक्टरांकडं." दादांनी चावीचं टोक जमिनीवर टेकवलं. "मी दाखवाया गेलो हुतो. मला. ह्यो सोबत आलता. बाईंनी ह्याला विचारलं, तर म्हणाला टकाटक."

 मागनं कुणीतरी म्हणालं, "म्हणजे, डोक्याचं?"

"व्हय. डोक्याचंच. गुडघ्याचं असतं तर गुडघ्याच्या डॉक्टरकडं गेलो असतो." दादा थांबले नाहीत. "गोळ्या चालू हायत. गुण याया वेळ लागंल. आजवर पाणी चुकलं आसंल, त्याची माफी मागतो. मी पीत न्हाई."

मी पुढं होऊन त्यांचा दंड धरला. "काय केलंत दादा? जिंकलो होतो की आपण!"

"तू जिंकला असतास," ते हळू म्हणाले, "तर गुरुवारी गेला नसतास."

काका अर्जाकडं बघत होते. "यात मी 'दारूच्या नशेत' असं लिहिलं आहे," ते सावकाश म्हणाले. "ते चुकीचं आहे तर. चुकीचा अर्ज मी पुढे पाठवत नाही." कागदाची चौघडी करून खिशात ठेवला. "डॉक्टरांनी रजा घ्यायला सांगितली का?"

"सांगितली. पण कारण काय ल्ह्यायचं त्यात?"

"आजारपण लिहायचं. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी जोडायची. संपत, कोरा कागद दे." काकांनी पेन काढलं, उघडलं, मग माझ्याकडं बघितलं. "आणि पैज मी जिंकलोय. बस खुर्चीवर."

सगळं गोड झालं असं नाही. निपाणीच्या पाहुण्यांनी पुढं महिनाभरानं नकार कळवला. कारण हेच होतं का दुसरं, ते कुणी सांगितलं नाही. दादांनी पण कधी विचारलं नाही. पोरीचं दोन वर्षांनी झालं, तिकडं दादांनी आधीच सगळं सांगून टाकलं होतं.

तर, खुर्ची. भर चौकात मला बसवलं, गळ्यात पांढरं फडकं. संपतनं साबण लावताना पंख्याचा सगळा सूड काढला, निम्मा फेस नाकात. डावी बाजू चार हातांत साफ. आरसा समोर धरला. उजवीकडं मिशीवाले वडील, डावीकडं बिनमिशीचा मी, असं काहीतरी दिसत होतं. गर्दीनं शिट्ट्या मारल्या.

"आता फेरा!"

भूपालदादांची पाणी सोडायची वेळ झाली होती. ते चावी खांद्यावर घेऊन माझ्याबरोबरच निघाले. पुढं आम्ही दोघं, मागं वरात. पहिल्याच दारात एक आजोबा पेपर बाजूला करून ओरडले, "काय सुकुमार, कसं काय?"

पैज संपली होती. काहीही म्हणू शकत होतो. मी दादांकडं बघितलं. ते समोर बघत चालत होते.

"बरं नाही," मी म्हटलं. "गुरुवारी डॉक्टरांकडं जायचंय. मनाच्या."

आजोबा हसून हसून खोकायला लागले. मागची वरात पण. दुसऱ्या दारात तेच. तिसऱ्या दारात एका वहिनींनी डोळे पुसले, "अगं बाई, काय नकला करता तुम्ही!" आयुष्यात पहिल्यांदा खरं सांगत सुटलो होतो आणि त्याच्याएवढा जोक माझा कधी चालला नव्हता. रोज संध्याकाळी दीड तास मी अंधारात का बसतो, तर घरी गेल्यावर परत सगळ्यांना हसवायचं असतं आणि अंगात तेवढं उरलेलं नसतं, हे तर मी अजून कुणाला सांगितलंच नव्हतं. ते सांगितलं असतं तर लोकांनी टाळ्या वाजवल्या असत्या.

आमच्या फाटकापाशी पद्मा नळी घेऊन उभी होती, पाण्याची वाट बघत. दादांनी कोपऱ्यावरचा व्हॉल्व्ह फिरवला. नळी फुरफुरली, मग धार आली. पद्मानं नळी बादलीत सोडली आणि माझ्याकडं वळली. मिशीकडं बघितलं. मागच्या वरातीकडं बघितलं. मग परत माझ्याकडं.

"कसं काय?" तिनं विचारलं.

लोकांना माहीत होतं आता काय येणार, ते आधीच हसायला लागले.

"बरं नाही," मी म्हटलं. "गुरुवारी डॉक्टरांकडं जायचंय."

हशा झाला. पद्मा हसली नाही. बादली भरून वाहायला लागली तरी तिचं लक्ष नव्हतं.

"किती वाजता?"

"अकरा."

"मी पण येते," ती म्हणाली. मग नळी उचलून दुसऱ्या बादलीत टाकत म्हणाली, "आणि ती उरलेली मिशी उद्या काढून या. असं तोंड घेऊन गेलात तर ठेवूनच घेतील तुम्हाला."